मुरलेलं पाणी कुणाचं?

माझ्या मायनं दोन उन्हाळे डोंगरावर चर खोदले. मायच्या नावावर एक गुंठा जमीन नाही. तिनं खोदलेल्या चरात पाऊस साचला, जमिनीत मुरला, आतल्या आत खाली सरकला आणि पायथ्याच्या एका विहिरीत निघाला. ती विहीर मायची नाही. विहिरीवरची मोटर मायची नाही. त्या मोटरीवर उभा राहिलेला ऊस मायचा नाही. मग तिचं काय? तिच्या हाताचे घट्टे तेवढे तिचे.

मित्रांनो, माझा प्रश्न एवढाच आहे. हे मुरलेलं पाणी कुणाचं?

मी चाकणच्या पट्ट्यात एका पुठ्ठ्याच्या मिलमध्ये कामाला आहे. रद्दी भिजवायची, तिचा लगदा करायचा, लगदा रोलवर चढवायचा. या कामाला पाणी फार लागतं. म्हणून मिलमध्ये पाण्याला मीटर आहे. किती आत आलं, किती बाहेर गेलं, सुपरवायझर वहीत टिपून ठेवतो. रात्रपाळीला ते मीटर फिरताना बघत मी या प्रश्नाशी झगडत आलो. मिलमध्ये पाण्याला मीटर आहे, गावात घामाला नाही, इथून माझ्या डोक्यात सुरुवात झाली. शाळा दहावीपर्यंत. बाकी जे वाचलं ते खोलीवर, पाळी सुटल्यावर. माझ्या मांडणीत कुठं कच्चं राहिलं तर मला झोडा. प्रश्नाला मात्र बगल देऊ नका.

आमचं गाव बालाघाटच्या डोंगरात. माझी आज्जी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते झाले, शेतांची बांधबंदिस्ती झाली, पाझर तलाव झाले. आज्जी सुकडीचं सांगायची, मिलोच्या लाल भाकरीचं सांगायची. पण एक गोष्ट हमखास सांगायची, त्या कामाला हजेरीपट होता. आठवड्याला हातात पैसे पडायचे. कमी पडायचे, उशिरा पडायचे, पण पडायचे. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा माणसाचा हक्क ठरला. आज्जीनं माती वाहिलेल्या तलावाचं पाणी आज्जीच्या वाट्याला आलं नाही, पण घामाचे चार पैसे आले.

मायच्या वेळी तेही गेलं. आता त्या कामाला श्रमदान म्हणतात.

गावात श्रमदान निघालं तेव्हा मीही खूश होतो. रजा काढून दोन दिवस गेलोही. सकाळी सहाला भोंगा, सगळं गाव डोंगरावर, टिकाव-फावडी-घमेली, गाणी, फोटो. आमच्या वस्तीतल्या बायका सगळ्यात पुढं. कारण उघड आहे. घमेलं उचलायची सवय कुणाला? ज्यांच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबली, त्यांनाच. दिवसाची मजुरी बुडवून माय जायची. ज्यांच्या नावावर वीस एकर, तेही यायचे. दोन घमेली टाकायचे, फोटो काढायचे. मी खोटं बोलणार नाही, काही जण मनापासून राबलेही. पण त्यांचं राबणं आणि मायचं राबणं एक नव्हतं. ते स्वतःच्या विहिरीसाठी राबत होते. माय कशासाठी राबत होती?

हे काम कसं चालतं ते नीट समजून घेऊ, म्हणजे प्रश्नाचं मूळ सापडेल. पाणी अडवायचं तर माथ्यापासून पायथ्याकडं यायचं असतं. आधी डोंगराच्या उतारावर एकाच पातळीत चर काढायचे. सलग समतल चर म्हणतात त्याला. पळणारं पाणी तिथं थांबतं, त्याच्याबरोबर पळणारी मातीही थांबते. त्याखाली दगडी ताली, मग शेतांचे बांध, मग ओढ्यात नालाबांध, सगळ्यात खाली पाझर तलाव. वरचं काम आधी केलं नाही तर खालचा तलाव दोन-चार पावसाळ्यांत गाळानं भरतो. म्हणजे सगळ्या कामाचा जीव माथ्यावर असतो.

आता आपल्या गावांची मांडणी आठवा. माथ्यावर काय असतं? खडक, बरड, गायरान. तिथं कोण असतं? शेरडामागं फिरणारी आपली पोरं, नाहीतर गायरानाचा तुकडा कसून, कागदाची वाट बघत म्हातारी झालेली आपली माणसं. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते या जमिनीसाठीच. पायथ्याशी काळी जमीन, तिथं विहिरी, तिथं मोटरी. पाणी वरून खाली जातं, हा निसर्गाचा नियम. वरच्या उतारावर गरीब आणि खालच्या काळ्या रानात श्रीमंत, हा मात्र निसर्गाचा नियम नाही. तो गावानं केलेला आहे. या दोन नियमांची गाठ पडली की आपण खोदायचं आणि त्यांनी उपसायचं, असा तिसरा नियम आपोआप तयार होतो. कुणाला अन्याय केल्यासारखंही वाटत नाही. पाणीच खाली गेलं, त्याला आम्ही काय करणार?

दुसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला. विहिरींना पाणी चढलं. गावात बैठक झाली, सत्कार झाले. त्या बैठकीत माय उठून म्हणाली, "आमच्या बी वस्तीनं खांदलंय. गायरानात आमचा दीड एकराचा तुकडा हाय. खालच्या हिरीवरून एक पाइप तिकडं द्या. आम्ही बी जवारी भिजवू."

बैठकीत हसू पिकलं. मग एक जण शांतपणे म्हणाला, "प्यायला पाणी कधी नाही म्हटलंय का तुम्हाला?"

हे वाक्य मी कितीतरी रात्री चघळलं आहे. त्यात शिवी नाही. विटाळ नाही. उलट उपकाराची भाषा आहे. ४ ऑगस्ट १९२३ ला बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, असा तो ठराव. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सनातन्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या, उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं. तेवढ्या लढाईनंतर आज गावचा माणूस आपल्याला विचारतो, प्यायला नाही म्हटलंय का? तहानेला हंडा मिळाला, पोटाला पाट नाही. महाड ही नुसती तहानेची लढाई आहे असं समजणाऱ्यांना महाड कळलंच नाही. ती बरोबरीची लढाई होती. बरोबरी हंड्यापाशी येऊन थांबते काय?

आता विहीरवाल्याची बाजू घेऊ. विरोधकाची बाजू न ऐकता निकाल देणं ही त्यांची रीत, आपली नव्हे. तो म्हणतो, जमीन माझी, विहीर मी खोदली, कर्ज मी काढलं, मोटर माझी, बिल मी भरतो, म्हणून पाणी माझं. त्याच्या पाठीशी कायदाही उभा आहे. १८८२ चा इंग्रजी अमदानीतला वहिवाटीच्या हक्कांचा कायदा आहे. जमिनीखाली ठराविक प्रवाहात नसलेलं पाणी आपल्या हद्दीत साठवायचा आणि वापरायचा अधिकार त्यानं जमीनमालकाला दिला. म्हणजे ज्याची जमीन त्याचं पाणी. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही. आणि आपल्याला जमीन का नाही, हा प्रश्न त्या कायद्याच्या पुस्तकात येतच नाही.

पण विचार करा. विहिरीतल्या पाण्यात तीन गोष्टी आहेत. एक पाऊस. तो कुणाच्या बापाचा नाही. दुसरा घाम. तो नसता तर तोच पाऊस ओढ्यानं, गावची माती घेऊन, दोन तासांत शिवाराबाहेर गेला असता. तिसरी विहीर. ती नसती तर पाणी वर आलं नसतं, हेही खरं. तिघांनी मिळून पाणी झालं. पैकी पाऊस काही मागत नाही. उरले दोघं. कायद्याला त्यातला एकच दिसतो. मला विहीरवाल्याचा हक्क खोडायचा नाही. तो एकटाच हक्कदार आहे, हे मला खोडायचं आहे.

तो आणखी एक म्हणतो. पाणी आलं म्हणून तर तुझ्या आईला खुरपणीचं काम मिळालं. याला शिकलेले लोक झिरपणं म्हणतात. वरून थोडं थोडं झिरपत गरिबापर्यंत पोचेल म्हणे. आमच्या गावात मला उलटं दिसलं. पाणी झिरपत खाली आलं आणि पैसा वर गेला.

आणि दान? दान कशाला म्हणायचं? ज्याच्याकडं आहे त्यानं, कुणी न दटावता, ज्याच्याकडं नाही त्याला द्यायचं, ते दान. इथं जिच्याकडं काहीच नाही तिनं, वीस एकरवाल्याला दिलं. न जावं तर गाव काय म्हणेल ही भीती, आणि गेल्यावर वाटा मागायचा नाही ही अट. पूर्वी याला दुसरं नाव होतं. गावकीचं काम महारानं करायचं, बदल्यात वतनाचा तुकडा आणि दारोदारचं बलुतं घ्यायचं. त्या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं गेली. आता सांगा, वाट्याशिवायचं श्रमदान हे त्या वेठीपेक्षा वेगळं कसं? एवढंच वेगळं, की वेठीला निदान बलुतं होतं.

इथपर्यंत आलो आणि मी मायला फोन केला. म्हटलं, या उन्हाळ्याला जाऊ नको. वस्तीतलं कुणीच जाऊ नका. वाहून जाऊ दे त्यांची माती.

माय गप्प राहिली. मग म्हणाली, "आरं, मातीला काय ठावं, कोन कंच्या वस्तीतलं? ती वाहून गेली तर आदी कोन गाव सोडतंय? त्यंला बँक हाय, सोयरे हायेत. कोयता घिऊन ऊसतोडीला जायाचं ते आपुन." मी म्हटलं, पण पाणी त्यांचं होतंय. ती म्हणाली, "तू मिलमदी पुठ्ठा करतूस. त्यो पुठ्ठा तुजा हाय का? तरी जातूसच न्हवं?" मी म्हटलं, मला पगार मिळतो. तर म्हणाली, "मग मला बी माजा हिस्सा मिळवून दी. खांदू नगं, आसं सांगू नगं."

मित्रांनो, मी निरुत्तर झालो. माझा सगळा विद्रोह पुणे जिल्ह्यातल्या एका खोलीत बसून मायच्या हातातला टिकाव काढून घेत होता. तिच्या हातात त्याच्या बदल्यात काही देत नव्हता.

बोटभर जाडीची माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. एका मुसळधार पावसात ती जाते. सूड घ्यायला माती ही वस्तू चुकीची आहे, कारण ती परत येत नाही. महाडला बाबासाहेबांनी तळं बुजवा असं सांगितलं नाही. तळ्यावर चला असं सांगितलं. आपणही डोंगरावरून उठायचं नाही. विहिरीपर्यंत चालत जायचं आहे.

आणि मी कोण मोठा लागून गेलो? १९१८ साली बाबासाहेबांनी लहान शेतीच्या प्रश्नावर निबंध लिहिला. शेतीवर माणसांचा भार फार आहे, तो कारखानदारीकडं वळवला पाहिजे, असं त्यात मांडलं. मी वळलो. पण वळून आलो ते दुसऱ्याच्या पाण्यावर. पिंपरी-चिंचवडच्या नळाला पवना धरणाचं पाणी येतं. ते बंद पाइपातून थेट शहराला न्यायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला बऊर इथं द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन आंदोलक मेले, त्यातली एक बाई. मी राहतो त्या चाळीत त्याच धरणाचं पाणी येतं. त्या पाण्याचा जाब मला कुणी विचारत नाही, कारण मी खाली आहे. विहीरवालाही खालीच आहे. म्हणजे जो तत्त्वाचा दगड मी त्याला मारतो तो माझ्याही दारात पडतो. तत्त्व खरं असेल तर पडलाच पाहिजे. वरच्यानं सोसलं असेल, राबलं असेल, तर खालच्यानं त्याचा वाटा मान्य केलाच पाहिजे, मग खालचा मी का असेना.

कुणी म्हणेल, हे बोलायला ठीक, पाण्यात भूमिहीनाचा वाटा कधी झालाय का? झालाय. दूर जायला नको. पुण्याहून दिवे घाट चढून गेलं की पुरंदर तालुका. तिथं नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर काम सुरू केलं. हा माणूस इंजिनिअर, पुण्यात कारखाना चालवणारा. देवस्थानची ४० एकर पडीक जमीन कराराने घेतली, बांध घातले, पाणी अडवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम पाठ करून ठेवण्यासारखे आहेत. पाण्याचा हक्क जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर विकलं जात नाही. आणि उसाला पाणी नाही. १८८२ च्या कायद्यानं जमिनीच्या खुंट्याला बांधलेलं पाणी या नियमांनी सोडवलं.

दुसरं उदाहरण आपल्या कामगारांचं आहे, म्हणून मला जास्त जवळचं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संप लांबला. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले कामगार गावी परतले, तर गावात दुष्काळ. हे लोक युनियन शिकून आलेले. ते नुसते डोक्याला हात लावून बसले नाहीत. दुष्काळ का पडतो, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि नदी कोरडी पडत होती. लोकांनी ते अडवलं, थोडी वाळू स्वतः विकली आणि त्या पैशातून, स्वतःच्या श्रमातून बळीराजा स्मृती धरण बांधलं. पाणीवाटपाचं तत्त्व असं ठेवलं, की प्रत्येक कुटुंबाला समान पाणी, जमीन असो वा नसो. गिरणीतून हाकलले गेलेले हात होते ते.

तिसरं लांबचं. चंदीगडजवळ सुखोमाजरी नावाचं गाव आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथं डोंगराची माती वाहून शहराच्या सुखना तलावात भरत होती. डोंगर वाचवायचा तर चराई थांबवायला हवी. आणि गुरं-शेरडं चारणाऱ्यांत भूमिहीनही होते. त्यांनी ऐकल्याशिवाय काही होणार नव्हतं. मग गावानं ठरवलं, नव्या तळ्याच्या पाण्यात प्रत्येक घराचा सारखा वाटा, भूमिहीनाचाही. शेती नसेल तर त्यानं आपला वाटा दुसऱ्याला विकावा. मग चराई थांबली, डोंगर हिरवा झाला. यातून मी एक गोष्ट शिकलो. वाटा दयेनं मिळाला नाही. त्यांच्या होकाराशिवाय काम अडत होतं, म्हणून मिळाला. आमच्याही गावात माथ्यावरचं काम आपल्या हातांशिवाय अडतं. ही आपली ताकद आहे आणि आपण ती सकाळी सहाच्या भोंग्याला फुकट देऊन टाकतो.

म्हणून माझं उत्तर असं. मुरलेलं पाणी ज्यांनी मुरवलं त्यांचं आणि ज्यांच्या विहिरीत निघालं त्यांचं, दोघांचं. आणि हे पहिला टिकाव पडायच्या आधी ठरलं पाहिजे. नंतर मागितलं की ते मागणं भीक ठरतं. आधी ठरवलं की करार ठरतो.

मायच्या वस्तीनं आता चार गोष्टी मांडायचं ठरवलं आहे. मी फक्त कागदावर उतरवून दिल्या. एक, भूमिहीनांच्या दिवसांची मजुरी मिळालीच पाहिजे, दान ज्याचं त्यानं आपापल्या बांधावर करावं. दोन, वाढलेल्या पाण्यात वस्तीचा ठराविक वाटा ग्रामसभेच्या ठरावात लिहावा. तीन, गायरानातल्या तुकड्याला त्या वाट्यातून पाइप मिळावा. चार, आपण सगळ्यांनी अडवलेल्या पाण्यावर ऊस नको.

ठराव होईल की नाही, मला ठाऊक नाही. हसतील. मागच्या वेळीही हसले होते. पण मागच्या वेळी माय एकटी उठली होती, आणि ती पाणी आल्यावर उठली होती. या वेळी सतरा बाया खोदण्याच्या आधी उठणार आहेत. ठराव झाला नाही तरी त्या खोदणार आहेत, पण फक्त गायरानाच्या माथ्यावर, आपल्या तुकड्याच्या वर. खालच्या नाल्यातलं काम ज्यांचा नाला त्यांनी करावं. हा तोडगा मायचाच. मी पुस्तकं वाचून वाहून जाऊ दे म्हणत होतो. तिला माती राखायची होती आणि मानही राखायचा होता.

मी रजेचा अर्ज टाकला आहे. ग्रामसभेला जाईन, कागद वाचून दाखवीन, आणि दुसऱ्या दिवशी घमेलं उचलीन.

तुमच्यातले कितीतरी जण माझ्यासारखेच आहेत. भोसरीत, तळवड्यात, चाकणला कामाला आणि आई-बाप गावच्या बरडावर. देहूरोडला आपण जातो. तिथं १९५४ साली बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली. तिथं हात जोडताना एकदा गावच्या डोंगराची आठवण काढा. उन्हाळ्यात गावाकडून श्रमदानाचा फोन आला तर नाही म्हणू नका आणि लगेच हो पण म्हणू नका. आधी विचारा, मुरलेलं पाणी कुणाचं? काय उत्तर मिळालं ते लिहून पाठवा. आपण ते छापू.

जय भीम.